कुंभार्ली घाटातला लाल दिवा

अब्बांचे जुने कंडक्टर दाभोळचे. मिरज आगारात दोघांनी कित्येक वर्षे एकाच गाडीवर ड्यूटी केली. अब्बा स्टिअरिंगवर, चाचा तिकिटाच्या पेटीवर. निवृत्त झाल्यावर चाचा आपल्या गावी दाभोळला गेले आणि अब्बा मिरजेत आमच्याजवळ राहिले. गेल्या डिसेंबरात चाचांच्या नातीचा निकाह ठरला. चाचांनी फोनवर एकच गोष्ट सांगितली, "निकाहनाम्यावर गवाह म्हणून सही तुझीच पाहिजे. असरनंतर निकाह आहे. उशीर करू नकोस."

आम्ही पाच जण निघालो. आम्ही नवरा-बायको, अब्बा, अकरा वर्षांची सना आणि चार वर्षांचा झैद. गाडी आमची लहान, पाच जणांची, दोन वर्षांपूर्वी जुनीच घेतलेली. एसटीने गेलो असतो तरी चालले असते. पण आपली गाडी असताना अब्बांना घाट पुन्हा एकदा नीट पाहता येईल, वाटेल तिथे थांबता येईल, असा विचार केला. वाटेल तिथे थांबणे पुढे वेगळ्याच कारणाने घडायचे होते.

चावी फिरवल्यावर

सनाला वाचनाचा नाद. गाडीच्या कप्प्यात पडून असलेले माहितीपुस्तक तिने सुट्टीत वाचून काढले होते. दोन वर्षांत आम्ही दोघांनी ते एकदाही उघडले नव्हते. निघायच्या आदल्या रात्री ती आम्हाला शिकवायला बसली.

चावी 'ऑन'वर आणली, पण इंजिन सुरू केले नाही, की डॅशबोर्डवरचे पुष्कळ दिवे एकदम लागतात. हा बिघाड नव्हे. दिवे जिवंत आहेत की नाहीत याची गाडी स्वतःच हजेरी घेते. मग काही सेकंदांत किंवा इंजिन सुरू झाल्यावर ते एकेक करून विझतात. जो विझत नाही त्याच्याकडे लक्ष द्यायचे. आणि जो मुळात लागलाच नाही त्याच्याकडेही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. एअरबॅग खराब असेल तर तिचा दिवा सतत जळत राहतो, म्हणून काही विकणारे तो दिवाच बंद करून टाकतात. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर व्यवहार थांबवून आधी तपासून घ्यावे.

दिव्यांचे रंग म्हणजे रस्त्यावरच्या सिग्नलचीच भाषा. हिरवा आणि निळा दिवा फक्त माहिती देतो: इंडिकेटर चालू आहे, मोठा प्रकाश चालू आहे. पिवळा सांगतो, घाई नाही, पण मला विसरू नका, लवकर दाखवून घ्या. लाल सांगतो, सुरक्षित जागा बघा आणि थांबा.

लाल दिव्यांत चार महत्त्वाचे. तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला दिवा इंजिन ऑइलचा दाब पडल्याचे सांगतो. तो चालत्या गाडीत लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. दाबाशिवाय इंजिन थोडा वेळ चालले तरी आतले भाग घासून निकामी होतात. थर्मामीटरचे चित्र म्हणजे इंजिन तापले आहे. थांबावे, थंड होऊ द्यावे आणि गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, आतले उकळते पाणी उसळून चेहरा भाजतो. बॅटरीचा दिवा चालत्या गाडीत लागला तर दोष बहुतेक वेळा बॅटरीत नसतो. बॅटरी चार्ज होत नाही, असा त्याचा अर्थ असतो. आणि चौथा, गोलात उद्गारचिन्ह असलेला ब्रेकचा. बऱ्याच गाड्यांत हाच दिवा दोन कामे करतो. हँडब्रेक ओढलेला असेल तरी तो लागतो आणि ब्रेक ऑइल कमी झाले तरी तोच लागतो.

अब्बा हे सगळे पलंगावर बसून ऐकत होते. "आम्ही कुठे दिवे बघितले? गाडीचा आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, पाय सांगेल ते मानायचे," ते म्हणाले. सना म्हणाली, "दादाजान, वास येईपर्यंत उशीर होत असेल." अब्बा हसले आणि कूस बदलून झोपले.

मांडीवरचे मूल

फजरनंतर निघायचे ठरले होते. सामान भरले, सफरची दुआ झाली आणि पहिला वाद लागला. अब्बांना झैद पुढे मांडीवर हवा होता. आजोबांच्या मांडीवर नातू, समोर मोठी काच, यापेक्षा त्या दोघांना दुसरे काय पाहिजे! झैदची वेगळी खुर्ची आम्ही मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून ठेवली होती, ती अब्बांना तुरुंगासारखी वाटत होती.

आम्ही आमच्या परीने समजावले. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का सुमारे दहा मीटर उंचीवरून खाली पडण्याइतका असतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. त्या क्षणी पंधरा किलोचे मूल हातात धरून ठेवणे कुणाही पैलवानाला शक्य नाही. शिवाय पुढे एअरबॅग. ती डोळ्याची पापणी लवण्याच्या आत फुगते. पट्टा लावून मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसाला ती वाचवते, पण मांडीवरच्या मुलाला तिचाच तडाखा जीवघेणा ठरू शकतो. एअरबॅग ही पट्ट्याच्या सोबतीला आहे, पट्ट्याच्या जागी नाही.

मागे बसणाऱ्यांना पट्टा कशाला, असे पुष्कळ घरांत अजून म्हणतात. २०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी तर महागातली होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या खुर्चीत सुरक्षित बसवले नाही, तर एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाची गोष्ट सांगायची वेळच आली नाही. झैद आपल्या खुर्चीतून ओरडला, "दादाजान, इथून जास्त दिसतं!" आणि वाद मिटला. अब्बांनी पुढे बसून पट्टा लावला. तो जरा पिळला होता, सनाने मागून हात घालून सरळ केला.

विजापूरचा रस्ता, दाभोळचे बंदर

मिरज, सांगली करत पेठ नाक्याला महामार्ग गाठला. गाडी आम्ही आलटून पालटून चालवतो. मोकळा रस्ता दिसला की पाय जड होतोच. काटा ८० च्या पुढे गेला की गाडी टिकटिक करू लागते. जुलै २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांत हा वेगाचा इशारा, चालकाची एअरबॅग, पुढच्या दोघांसाठी पट्ट्याची आठवण आणि मागे घेताना वाजणारे सेन्सर सक्तीचे आहेत. त्याआधी एप्रिलपासूनच ब्रेकची एबीएस यंत्रणा सक्तीची झाली होती. टिकटिक झाली की झैद मोठ्याने मोजायचा. कराडपर्यंत त्याने अकरा वेळा मोजली आणि आम्हालाच लाज वाटू लागली.

कराडला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता नुसता कराड-चिपळूणचा नाही. तो पूर्वेला विजापूरपर्यंत जातो आणि पश्चिमेला गुहागरच्या समुद्राला टेकतो. आदिलशाहीची राजधानी विजापूर आणि तिचे एक मोठे बंदर दाभोळ. वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर त्याआधी बहमनी काळातही गजबजलेले होते. रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने पंधराव्या शतकात मायदेशी परतताना जहाज धरले ते दाभोळहून. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस हे शहर जाळले. हजला जाणारे इथून जहाजात बसत. घाटमाथ्यावरून बैल, घोडे आणि माणसे सह्याद्री उतरून त्या बंदराकडे जात. उतरण्याची भीती त्यांनाही असणारच. त्यांच्याजवळ इशारा द्यायला बैलाची अडलेली पावले होती.

पाटण मागे पडले. कोयना दिसू लागली. अब्बा बोलते झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले; त्या आठवणी त्यांना जुन्या सहकाऱ्यांनी सांगितल्या होत्या. हेळवाकला चहा घेतला. मग घाट सुरू झाला.

घाटात

कुंभार्ली घाट उतरू लागलो तेव्हा पावणेअकरा वाजले असतील. उतारावर अब्बांचा एकच नियम: ज्या गिअरमध्ये हा घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकला विसावा मिळतो. सारखा ब्रेक दाबून उतरले तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे, इंजिन बंद करणे म्हणजे तर संकटाला बोलावणे. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत थांबते, एक-दोनदा दाबल्यावर पायाखालचा ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड होते.

आम्ही दुसऱ्या गिअरमध्येच होतो. वळणामागून वळणे, डावीकडे कडा, उजवीकडे खोल दरी आणि हिरवा झाडोरा. एका तीव्र वळणावर डॅशबोर्डवर लाल दिवा चमकला. गोलात उद्गारचिन्ह. क्षणभर लागला आणि विझला.

"हँडब्रेक?" मागून सनाने विचारले. बघितले. हँडब्रेक पूर्ण खाली.

ब्रेक दाबून पाहिला. नेहमीसारखा लागत होता. अब्बा म्हणाले, "चालायचेच. वायर हलली असेल. खाली पोफळीला बघू." आम्हालाही तेच हवे होते. असरला दाभोळ गाठायचे होते. पुढच्या वळणावर दिवा पुन्हा लागला. या वेळी विझायला थोडा जास्त वेळ घेतला.

इथे आम्हा दोघांना एक गोष्ट आठवली, जी आम्ही अब्बांना सांगितली नव्हती. दिवाळीच्या सुमारास सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत, बदलून घ्या." त्या महिन्यात शाळेची फी होती. पॅडचे दीड-दोन हजार पुढच्या महिन्यावर ढकलले. पुढचा महिना आला आणि गेला. मिस्त्रीने सांगितले होते, आम्हीच ऐकले नव्हते.

रस्ता जरा रुंद झाला तिथे डोंगराच्या बाजूला गाडी घेतली. चारही इंडिकेटर लावले, इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. पुढच्या चाकांपुढे दोन दगड लावले. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण प्रथमच पिशवीतून काढला आणि वरच्या वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला लांबून दिसेल असा ठेवला. मुलांना गाडीतून उतरवून कठड्याच्या आत उभे केले.

बॉनेट उघडले. ब्रेक ऑइलची पांढरी डबी असते, तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन खुणा. ऑइल खालच्या खुणेच्याही जरा खाली होते. सपाट रस्त्यावर आतला तरंगता तुकडा कसाबसा वर राहत असावा; उताराला गाडीचे नाक खाली गेले, वळणाला ऑइल एका बाजूला सरकले, की तो खाली बसे आणि दिवा लागे. दिवा खोटे बोलत नव्हता, वायरही हलली नव्हती.

अब्बा वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या गाडीला हवेचा ब्रेक. समोर हवेचा काटा असायचा. काटा खाली आला की गाडी जागेवर उभी. मग प्रवासी कितीही ओरडोत." थोडे थांबून म्हणाले, "हा तुमचा दिवा म्हणजे माझा काटाच की. मी उगाच वायर म्हणालो."

आम्हीही पॅडची गोष्ट सांगून टाकली. ते रागावले नाहीत, पण बराच वेळ आमच्याशी बोललेही नाहीत.

दोन तास

ब्रेक लागत होते. हळूहळू उतरून गेलो असतो, असे कुणी म्हणेल. आम्हीही म्हटले. पण ऑइल कमी का झाले हे आम्हाला माहीत नव्हते. पॅड झिजल्याने झाले की कुठे गळत आहे? गळत असेल तर पुढच्या दाबाला पाय थेट तळाला जाईल, आणि ते ज्या वळणावर कळेल त्या वळणावर दरी असेल. ब्रेकचा लाल दिवा उतारावर लागला आणि कारण ठाऊक नाही, तर पुढे जायचे नाही. यात तडजोड नाही.

फोनला धड रेंज नव्हती. वरून एसटी आली. अब्बांनी हात केला, तो हात एसटीच्या माणसाला कळणारा हात असावा, कारण चालकाने गाडी लगेच बाजूला घेतली. दोन वाक्यांत बोलणे झाले. "खाली पोफळीच्या अलीकडे गॅरेज आहे, निरोप देतो," चालक म्हणाला आणि गेला.

मग वाट पाहणे. डबे उघडले. कठड्याजवळच्या सपाट जागी चादर टाकून जोहरची नमाज पढली. माकडे आली, त्यांना बघत झैद रमला. अब्बा घड्याळ बघत होते. चाचांना फोन लागेना. अखेर दोन वळणे चालत वर गेल्यावर एक दांडी आली आणि निरोप पोचला: उशीर होईल, किती ते सांगता येत नाही.

एकच्या सुमारास मोटरसायलवरून एक तरुण मिस्त्री आला. त्याने आधी चारही चाकांच्या आतून हात फिरवून बघितला, गाडीखाली झोपून नळ्या तपासल्या. कुठे ओल नव्हती. इंजिन चालू करून ब्रेक दाबून धरायला लावला; पाय खाली सरकत नव्हता. "गळती नाही. पॅड संपलेत," तो म्हणाला. पॅड झिजतो तसा आतला पिस्टन पुढे सरकत जातो आणि त्याच्यामागची जागा भरायला डबीतले ऑइल खाली उतरते. म्हणून पॅड संपत आला की डबी रिती होऊ लागते.

डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच ऑइल त्याने खालच्या खुणेच्या वर येईल इतके घातले. दिवा विझला. पण त्याने सांगितले ते सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे: "ऑइल घातले म्हणजे दुरुस्त झाले असे समजू नका. दिवा गप्प झाला, पॅड तेवढाच आहे." मग तो मोटरसायकलवर पुढे आणि आम्ही त्याच्यामागे, कधी दुसऱ्या तर कधी पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने घाट उतरलो.

गॅरेजमध्ये चाक काढले. नव्या पॅडचा थर सुमारे एक सेंटिमीटर असतो. आमच्या डाव्या चाकाचा दोन मिलिमीटरही उरला नव्हता. मागचे लोखंड जवळजवळ चकतीला टेकले होते. मिस्त्रीने तो अब्बांच्या हातात दिला. अब्बांनी तो अंगठ्याने चाचपला आणि सनाच्या हातात दिला. तिने आमच्याकडे बघितले. काही बोलली नाही, पण ते बघणे पुरेसे होते.

नवे पॅड चिपळूणहून यायला वेळ लागला. पिस्टन मागे दाबले तसे ऑइल डबीत पुन्हा वर चढले आणि जास्तीचे मिस्त्रीने सिरिंजने काढून घेतले. तेव्हा कुठे आम्हाला ते गणित पूर्ण समजले. निघताना म्हणाला, "नवे पॅड बसेपर्यंत शंभर-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ आणू नका." असरची वेळ होऊन गेली होती.

फेरीबोट

चिपळूणहून गुहागरच्या रस्त्याने धोपाव्याला गेलो. पलीकडे दाभोळ. मधे वाशिष्ठीची रुंद खाडी, तीत गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट. अंधार पडला होता. बोटीवर गाडी लावून हँडब्रेक ओढला आणि चावी चालू असल्याने तोच लाल दिवा लागला. झैद किंचाळला, "लाल! लाल!" सनाने त्याला समजावले की आता तो लागलाच पाहिजे, आता तो चांगले सांगतो आहे. आम्ही हसलो, पण सगळ्यांच्या छातीत एकदा धस्स झालेच होते.

निकाह होऊन गेला होता. काझीसाहेबांना पुढे दुसऱ्या गावी जायचे होते. चाचांनी पाऊण तास थांबवले, त्याहून जास्त थांबवणे जमले नाही. गवाह म्हणून दुसऱ्या कुणी सही केली. दारात चाचा उभे होते. म्हणाले, "तीस वर्षे माझी गाडी कधी लेट केली नाहीस. आज केलीस." अब्बांनी त्यांना मिठी मारली. नवरी निरोप घ्यायची थांबली होती, अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली. तेवढे मिळाले. सहीचे दुःख मात्र अब्बांना झाले, हे आम्हाला कळत होते, आणि त्याला कारण आम्ही होतो.

मांसाहेबांची मशीद

सकाळी चाचा आम्हाला शाही मशिदीत घेऊन गेले. काळ्या दगडाची, मधे मोठा घुमट, चार मिनार. गावात तिला अंडा मशीद म्हणतात, मांसाहेबांची मशीदही म्हणतात. आजूबाजूला माडांची गर्दी आणि खाडीवरचा वारा. कोकणात आदिलशाही बांधणीची इतकी देखणी वास्तू क्वचितच दिसते.

चाचांनी तिथली सांगोवांगीची कथा सांगितली. विजापूरची शहजादी आयशाबिबी हजला जायला मोठ्या लवाजम्यासह दाभोळला आली. समुद्रावर चाच्यांचा धोका आहे, जाणे बरे नाही, असे तिला सांगण्यात आले. इतक्या लांबून, तो सगळा घाट उतरून आलेली ती थांबली. सफरसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला.

"तिलाही कुणीतरी दिवा दाखवला म्हणायचा," सना म्हणाली.

चाचांनी अब्बांकडे वळून विचारले, "खरेच लागले असते का रे? तसेच उतरला असतास तर?"

"बहुतेक उतरलो असतो," अब्बा म्हणाले. "बहुतेक. मागे दोन पोरे बसली होती."

चाचा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी अब्बांचा हात हातात घेतला आणि दोघे पायऱ्या उतरून गेले.

परतताना गाडीत बसलो तेव्हा अब्बांनी कुणी न सांगता पट्टा ओढला, पिळला नाही ना ते बघितले. चावी 'ऑन'वर आणली. अब्बा पुढे वाकून एकेक दिवा विझताना मोजत होते. ब्रेकचा राहिला. हँडब्रेक सोडला, तोही विझला.

"झाले," ते म्हणाले, "आता सफरची दुआ पढा आणि निघा."

घरी आल्यावर आम्ही माहितीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पॅड बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिले. खाली सनाने तिच्या अक्षरात पुढची तपासणी कधी ते लिहिले आहे. फीचा महिना असला तरी ती तारीख आता बदलणार नाही, असे आम्ही तिला कबूल केले आहे.